बरफ कमी टाकजो

मे महिन्याच्या दुपारी वऱ्हाडातल्या चांदूर रेल्वेत रसवंतीवर गेलं की चरक फिरायच्या आधी प्रश्न येतो, "बर्फ टाकू ना?" आणि बाकावर टेकलेल्यांपैकी कुणीतरी हमखास सांगतं, "बरफ कमी टाकजो, भाऊ." बाहेर पारा 44 अंशांना टेकलेला असतो. रस्ता मोकळा पडलेला, दुकानांवर ताडपत्र्या ओढलेल्या. अशा वेळी तर माणसानं बर्फच आधी मागावा. पण इथं काही जण बिनबर्फाचा रस घेतात आणि त्याचे दोन पैसे जास्त देतात. तिकडं अमेरिकेत ऐन हिवाळ्यात, खिडकीबाहेर हिम साचलेलं असतानाही हॉटेलात बसल्याबरोबर वेटर न मागता बर्फानं भरलेला पाण्याचा ग्लास आणून ठेवतो. मुलाकडं न्यू जर्सीला गेलेल्या मराठी आई-बाबांना इंग्रजीतलं जे वाक्य आधी पाठ करावं लागतं, ते बहुतेक "नो आइस, प्लीज" हेच असतं.

बिनबर्फाच्या रसाला जास्त पैसे का पडतात, याचा हिशोब सोपा आहे. उन्हात ठेवलेल्या उसाचा रस साधारण 35 अंशांचा निघतो. असा 200 मिलिलिटर रस पाच अंशांपर्यंत उतरवायचा तर जवळपास 70 ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे हातात येणाऱ्या ग्लासात पाव हिस्सा पाणी. वऱ्हाडी माणसाला हे आकडे माहीत नसतील, पण चव बरोबर कळते. रस पातळ लागला की त्याला तो फसवल्यासारखा वाटतो. तरी पैशाचा आणि चवीचा हिशोब ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी वऱ्हाडच्या हवेत आहे.

उन्हाळा जितका कडक तितका बर्फ जास्त, असं आपण गृहीत धरतो. माणसांच्या सवयी पाहिल्या तर हे गृहीत टिकत नाही, आणि का टिकत नाही ते वऱ्हाडातल्या कुठल्याही ओसरीवरच्या माठाजवळ बसून समजून घेता येतं.

माठ कच्च्या झिलईचा, किंबहुना बिनझिलईचा असतो. त्याच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांतून पाणी पाझरतं, बाहेरच्या बाजूला ओल धरते आणि कोरडी हवा ती ओल उडवून नेते. पाण्याची वाफ होताना उष्णता लागते, आणि ती थोडीथोडकी नसते. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं. (ही भौतिकशास्त्रातली कॅलरी, म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवणारी. आहारातली कॅलरी हिच्या हजारपट असते.) एक ग्रॅम बर्फ वितळताना घेतो फक्त 80 कॅलरी. शोषून घेण्याच्या ताकदीत उडणारं पाणी वितळणाऱ्या बर्फाच्या सातपट भारी आहे. दहा लिटरच्या माठातलं पाणी दहा अंशांनी उतरवायला कागदावर जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम पाणी उडावं लागतं. भोवतालची हवा उलट उष्णता देत राहते, त्यामुळं प्रत्यक्षात याहून जास्त जिरतं, पण वीज नाही, यंत्र नाही, खर्च नाही.

आता खरी गंमत पाहा. माठ किती गार होईल, हे बाहेर किती ऊन आहे यावर फारसं ठरत नाही. ते हवा किती कोरडी आहे यावर ठरतं. हवामान खात्याकडं दोन तापमापक शेजारी शेजारी लावलेले असतात. एकाचा फुगा कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओलं फडकं. ओला तापमापक जितका खाली उतरतो तितकी खाली जाण्याची मुभा माठाला असते, त्याच्या पलीकडं नाही. मे महिन्यात वऱ्हाडात दुपारी 42 अंश असतील आणि हवेतली आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओला तापमापक 22 अंशांच्या आसपास येतो. त्याच दिवशी मुंबईत 33 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर तो 28 च्या खाली उतरत नाही. म्हणजे नऊ अंशांनी जास्त तापलेल्या वऱ्हाडात माठाला मुंबईच्या माठापेक्षा सहा अंश जास्त गार होता येतं. जिथं ऊन अंग जाळतं तिथंच माती पाणी गार करून देते, ही निसर्गानं वऱ्हाडावर केलेली मोठी मेहेरबानी आहे, आणि तिची दखल आपण पुरेशी घेतली नाही असं मला मनापासून वाटतं.

वऱ्हाडाचा सगळा उन्हाळा याच एका नियमावर उभा आहे. खिडकीला वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी मारायची रीत यातूनच आली, आणि घरोघरचा कूलर ही तिचीच लोखंडी-प्लास्टिकची आवृत्ती. मृगाचा पाऊस पडून गेला की कूलर नुसती चिकचिक करतो आणि माठातलं पाणी कोमट लागू लागतं, हा अनुभव इथल्या प्रत्येक घरात आहे. यंत्र बिघडलेलं नसतं. हवेनं ओल घेणं थांबवलेलं असतं. जुना माठ नव्याइतकं गार करत नाही, यातही गूढ काही नाही. पाण्यातले क्षार छिद्रांत बसत जातात आणि पाझर बंद पडतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, जिथं विहिरीचं पाणीच खारं, तिथं हे लवकर होतं. म्हणून दर उन्हाळ्यात नवा माठ घ्यायचा. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर देण्याचा आपला रिवाज नेमका या दिवसांतला आहे. ज्यांनी तो सुरू केला त्यांना कोरड्या हवेचं गणित मांडता येत नसेल, तरी भर वैशाखात सगळ्यात मोलाचं दान कोणतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता मुंबईकडं वळू, कारण महाराष्ट्रातल्या थंड पेयातल्या बर्फाचा इतिहास तिथल्या बंदरात सुरू होतो.

बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ करवतीनं कापायचा, लाकडाच्या भुशात गुंडाळायचा आणि जहाजातून उष्ण देशांना विकायचा. 1806 साली त्यानं कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पहिली खेप नेली तेव्हा लोक त्याला वेडा म्हणाले, आणि त्या खेपेत त्याला नुकसानही झालं. 12 मे 1833 रोजी त्याचं 'टस्कनी' हे जहाज 180 टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. चार महिने समुद्रावर राहून, विषुववृत्त दोनदा ओलांडून ते पोचलं, तेव्हा त्यात 100 टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. पुढच्या वर्षी अमेरिकेचा बर्फ मुंबईत उतरला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसह पाहुण्यांनाही सर्दी झाली, अशी बातमी 'मुंबई समाचार'नं दिल्याचं सांगतात. बर्फ साठवायला मुंबईत घुमटाकार बर्फघर उभं राहिलं. आज त्या जागी के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटची इमारत आहे. मद्रासचं बर्फघर मात्र अजून उभं आहे. 1897 साली स्वामी विवेकानंद तिथं राहिले होते, म्हणून आता त्याला विवेकानंदर इल्लम म्हणतात.

कलकत्ता, मुंबई, मद्रास ही तिन्ही बंदरं. जहाज लागणार ते बंदरालाच, हे खरं. पण तिन्ही ठिकाणची हवा दमट आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. तिथला माठ अर्धवटच गार होतो. घाम अंगावर साचतो, उडत नाही. अशा हवेत चार महिन्यांचा प्रवास करून आलेला बर्फ विकत घ्यायला गिऱ्हाईक मिळालं. तोच बर्फ बैलगाडीनं वऱ्हाडात आणला असता, तर वाटेत त्याचं पाणी झालं असतं हे खरंच, पण पोचला असता तरी त्याला मातीच्या साध्या भांड्याशी टक्कर द्यावी लागली असती. मुंबईहून नागपूरकडं जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1860 च्या दशकात बडनेरा, चांदूर, धामणगाव करत पुढं गेली. या भागातला कापूस त्या रुळांवरून मुंबईला गेला आणि मुंबईच्या सवयी हळूहळू इकडं आल्या. सोड्याच्या बाटल्या आल्या, मागाहून लादीचा बर्फही आला.

ट्यूडरबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आवड कशी घडते हे तीतून समजतं. नव्या गावात गेला की तो दारूच्या गुत्तेवाल्यांना काही दिवस बर्फ फुकट द्यायचा. गिऱ्हाइकाच्या जिभेला एकदा गारवा लागला की तो कोमट पेय पुन्हा घेणार नाही, असा त्याचा हिशोब होता, आणि अमेरिकेत तो खरा ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या शहरांत बर्फवाला घरोघर लादी टाकू लागला. पुढं यंत्रानं बर्फ तयार होऊ लागला, फ्रिज आले, आणि बर्फ नसलेलं पेय हे अपुरं पेय ठरलं. पण हीच युक्ती इंग्लंडमध्ये चालली नाही. 1840 च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या वेनहॅम तळ्याचा बर्फ लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर दुकानाच्या काचेआड मांडला होता. तो इतका नितळ की पलीकडं ठेवलेलं वर्तमानपत्र वाचता यायचं. लंडनकरांनी तो कौतुकानं पाहिला, श्रीमंतांनी मेजवान्यांत वापरला, पण ग्लास बर्फानं भरायची सवय इंग्रजांना लागली नाही ती नाहीच. आजही लंडनच्या पबमध्ये शीतपेयात दोन-तीन खडे पडतात. जर्मनीत तर बरेच जण बर्फ नको म्हणूनच सांगतात. पैसे पेयाचे दिले, पाण्याचे का द्यायचे, हा त्यांचा सवाल रसवंतीवरच्या आपल्या माणसाच्या सवालाहून वेगळा नाही.

दमट हवा आणि बर्फ यांची सांगड आग्नेय आशियात चांगली जमते. व्हिएतनाममध्ये जेवणासोबत 'त्रा दा' म्हणजे बर्फ घातलेला साधा चहा मिळतो, आणि तिथं व थायलंडमध्ये बिअरच्या ग्लासातही बर्फाचे खडे टाकतात. युरोपातल्या बिअरप्रेमींना ते पाहवत नाही. पण एका नियमानं जग मोजता येत नाही. चीनच्या दक्षिणेकडची हवा तितकीच दमट आहे, तरी तिथला माणूस गरम पाणी पितो. 1952 च्या देशभक्तिपर आरोग्य मोहिमेत पाणी उकळून पिण्यावर सरकारनं भर दिला. कचेऱ्या, शाळा, रेल्वेगाड्या, सगळीकडं उकळत्या पाण्याची सोय झाली आणि थर्मास हा घरातला मानाचा जिन्नस झाला. त्याला चिनी वैद्यकातल्या उष्ण-शीत विचाराचा आधार आधीपासून होताच. शेजारच्या कोरियात आजची तरुण पिढी नेमकी उलट आहे. कडाक्याच्या थंडीतही बर्फ घातलेली अमेरिकानो कॉफीच हवी, गोठून मेलो तरी चालेल, अशा अर्थाचा शब्दच त्यांनी रूढ केला आहे. पॅराग्वेमध्ये माते नावाचा पाला बर्फाच्या पाण्यात भिजवून 'तेरेरे' पितात, आणि सीमेपलीकडच्या अर्जेंटिनात बहुतेक लोक तोच पाला गरम पाण्यात घेतात. 2020 साली युनेस्कोनं तेरेरेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

कोरड्या हवेचे सगळेच लोक बर्फाला नाही म्हणतात असंही नाही. इराणच्या वाळवंटाकाठच्या गावांत मातीचे प्रचंड घुमट आहेत, त्यांना यखचाल म्हणतात. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उथळ हौदातलं पाणी आपली उष्णता उघड्या आकाशाला देतं आणि गोठतं. तो बर्फ घुमटाखालच्या खड्ड्यात साठवून उन्हाळ्यात सरबताला आणि फालुद्याला वापरायचे. आपल्याकडं अलाहाबादजवळही खड्ड्यात उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं पसरून त्यांवर मातीच्या पसरट थाळ्यांत पाणी ठेवायचे आणि पहाटे त्यावर धरलेली बर्फाची पापडी गोळा करायचे. सर रॉबर्ट बार्कर यांनी 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याचं सविस्तर वर्णन पाठवलं. कोरडी हवा माठही गार करते आणि हिवाळ्यात बर्फही धरू देते. काय वापरायचं ते माणसं ठरवतात.

आता शरीराकडं येऊ. उन्हातून आलेल्या माणसाला बर्फाच्या पाण्यानं जास्त आराम पडतो का? जिभेला आणि घशाला पडतो, यात शंका नाही. तोंडातल्या मज्जातंतूंच्या टोकांवर गारवा ओळखणारी प्रथिनं असतात. पुदिन्यातलं मेंथॉल त्यांनाच चेतवतं, म्हणून पुदिन्याचं सरबत कोमट असलं तरी गार भासतं. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशा प्रथिनांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. पण जिभेचा आराम आणि शरीराचा आराम यांत फरक आहे. पाव लिटर बर्फगार पाणी शून्य अंशापासून शरीराच्या 37 अंशांपर्यंत तापताना आपल्याकडून सव्वानऊ हजार कॅलरी घेतं. माठातलं 24 अंशांचं तेवढंच पाणी सव्वातीन हजार घेतं. फरक सहा हजारांचा. तेच पाव लिटर पाणी पुढं घाम होऊन कातडीवरून उडालं, तर तब्बल एक लाख पंचेचाळीस हजार कॅलरी उष्णता घेऊन जातं. या आकड्यापुढं बर्फाची भर नगण्य आहे. वऱ्हाडाच्या कोरड्या उन्हात शरीराला थंड ठेवतो तो घाम, आणि घामाला लागतं पाणी, भरपूर आणि वारंवार.

म्हणूनच पाणी किती गार आहे यापेक्षा ते किती पोटात जातं याला महत्त्व आहे. घाम गाळलेल्या माणसांना वेगवेगळ्या तापमानाचं पाणी हवं तेवढं पिऊ दिलं, तेव्हा 15 अंशांच्या आसपासचं पाणी त्यांनी सर्वांत जास्त प्यायलं, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्याहून गार दिलं तरी कमी, कोमट दिलं तरी कमी. फ्रिजच्या पाण्यानं तहान भागत नाही, हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य मला यामुळंच खरं वाटतं. दात शिवशिवतात, घोट लहान होतात, तोंड गार झाल्यानं तहान मिटल्यासारखी वाटते आणि अर्ध्या तासानं पुन्हा घसा कोरडा पडतो. माठाचं पाणी माणूस एका दमात तांब्याभर पितो.

भर उन्हात वऱ्हाडी माणूस चहाच्या टपरीवर उभा दिसतो, त्याचंही बाहेरच्यांना नवल वाटतं. 2012 साली कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात ऑली जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकल चालवणाऱ्यांना वेगवेगळ्या तापमानाचं पाणी देऊन पाहिलं. 50 अंशांचं गरम पाणी प्यायलेल्यांच्या शरीरात शेवटी कमी उष्णता साठली, कारण गरम पेयानं जास्तीचा घाम सुटला आणि त्या घामानं नेलेली उष्णता पेयानं आणलेल्या उष्णतेहून जास्त होती. याला एकच अट आहे, ती म्हणजे सगळा घाम उडून जायला हवा. दमट मुंबईत ही अट पुरी होत नाही, घाम ठिबकून वाया जातो. चांदूरच्या मे महिन्यात ती सहज पुरी होते. एका अर्थानं हवाच ठरवते की चहा घ्यावा की बर्फाचं सरबत.

मग बर्फ लागतो कशाला? चवीला लागतो, आणि तिथं त्याचा हक्क मान्य करायला हवा. गोड चव मेंदूकडं पोचवणाऱ्या पेशींमधली एक वाट तापमानानुसार कमी-जास्त उघडते. पदार्थ गार असेल तर ती मंदावते आणि गोडी कमी भासते. ही गोष्ट 2005 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाली. वितळलेलं आइस्क्रीम खाऊन पाहिलं तर ते तोंडाला मिठी बसण्याइतकं गोड लागतं, ते याच कारणानं. बर्फाच्या गोळ्यावर ओतायचा पाक इतका दाट आणि गोड ठेवतात, कारण रंध्यावर किसलेल्या बर्फात साधं सरबत फिकट लागेल. गुढीपाडव्याला सावंगा विठोबाच्या यात्रेत पोरं लालभडक गोळा चोखत फिरतात, तेव्हा त्यांच्या जिभेवर बर्फ आणि साखर यांची ही झटापट चाललेली असते. कोला किंवा सोडा यांना गारवा हवाच. शून्य अंशाच्या पाण्यात 20 अंशांच्या पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट कार्बन डायऑक्साइड मावतो. कोमट सोडा उघडला की वायू भस्सकन उडतो आणि उरतं ते मिळमिळीत पाणी. इंग्लंडच्या हायरम कॉडनं 1872 साली काढलेल्या गोटीच्या बाटलीत वायूच्या दाबानंच गोटी तोंडाशी घट्ट बसते. ती बाटली आपल्याकडं बर्फाच्या पेटीतून काढून देतात ती याचसाठी.

कैरीचं पन्हं, चिंचवणी, बेलाचं सरबत, जिरं घातलेलं ताक, ज्वारीची आंबील या आपल्या पेयांना असा गारवा लागत नाही. ती माठाच्या पाण्यात बांधलेली आहेत. मीठ, आंबट, गूळ, जिरं यांचा तोल त्याच तापमानाला बसवलेला आहे. पन्ह्यात बर्फ टाकला की आधी वेलची मरते, मग गुळाची चव जाते, आणि राहतो नुसता आंबटपणा. माझं स्पष्ट मत आहे की पन्ह्यात बर्फ टाकू नये. रसात आणि सोड्यात टाकावा, बेतानं.

उन्हातून आल्याबरोबर गार पाणी पिऊ नकोस, आधी गुळाचा खडा खा, असं आजी सांगायची. यात किती तथ्य आहे? बर्फाच्या पाण्यानं सर्दी होत नाही, सर्दी विषाणूंनी होते. मात्र गार पाण्यानं नाकातला शेंबूड पुढं सरकण्याचा वेग मंदावतो आणि गरम पाण्यानं वाढतो, असं 1978 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. घसा धरला म्हणून गरम पाणी देणारी आई चुकत नाही. आपल्या आयुर्वेदानंही थंड पाण्याला सरसकट वाईट म्हटलेलं नाही. 'अष्टांगहृदया'त ग्लानी, मूर्च्छा, श्रम, तहान, दाह यांवर थंड पाणी सांगितलं आहे, आणि पडसं, खोकला, नवा ताप यांत गरम. उष्माघात झालेल्या माणसाला तर बर्फाची खरी गरज असते, पण ती पेयात नाही. अंग ओलं करून वारा घालणं, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवणं आणि तातडीनं दवाखाना गाठणं हे तिथं महत्त्वाचं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

बर्फाबद्दलच्या वऱ्हाडी संकोचाचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत वजनदार वाटतं. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हे समोर दिसत नाही. लादीचा बर्फ कारखान्यात असा तयार होतो: लोखंडी उंच डब्यांत पाणी भरून ते मिठाच्या अतिथंड पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात. टाकीतलं पाणी अमोनियाच्या यंत्रानं शून्याच्या खाली दहा अंशांपर्यंत उतरवलेलं असतं. बाहेरून आत गोठत जायला दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. गोठताना पाणी आपल्यातली हवा आणि क्षार आत ढकलत नेतं, म्हणून लादीचा गाभा पांढुरका दिसतो. ही लादी मोठ्या गावच्या कारखान्यातून पोत्यात आणि भुशात गुंडाळून लहान गावी येते, गाडीतून फरशीवर उतरते, ओढत नेली जाते, टोकदार सळीनं फोडली जाते. गोठल्यानं सगळे जंतू मरतात हा समज चुकीचा आहे. विषमज्वराचे, काविळीचे, हगवणीचे जंतू बर्फात टिकून राहू शकतात आणि ग्लासात वितळल्यावर पुन्हा कामाला लागतात. मासे आणि औषधं थंड ठेवायचा बर्फ कुठल्याही पाण्याचा असू शकतो, आणि तो खाण्याच्या बर्फात मिसळला की ओळखू येत नाही. म्हणून 2018 साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक केलं. हा नियम फार चांगला आहे, आणि तो गिऱ्हाइकाला माहीत असला तरच उपयोगाचा आहे.

माठाच्या पाण्याचीही जबाबदारी असते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न दिल्यावर लगेच तहानलेल्याला पाणी ठेवलं आहे. याच जिल्ह्यात पाणपोया घालण्याची परंपरा मोठी आहे. पण पाणपोईचा इतिहास सगळाच उजळ नाही. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनांवर हिंदूंचं पाणी वेगळं आणि मुसलमानांचं वेगळं असायचं. दलितांना तर ओंजळीत वरून धार धरून पाणी मिळायचं, तेही मिळालं तर. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा आहे, आणि त्यानंतरही कित्येक गावांत माठाला हात लावायची मुभा सगळ्यांना नव्हती. बाटलीबंद थंड पेय पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळतं, त्याला जात विचारत नाहीत. सीलबंद बाटलीच्या लोकप्रियतेमागं हेही एक कारण असणार, असं मला वाटतं. माठाचं गुणगान करताना हे विसरलं तर ते गुणगान खोटं ठरेल.

पाणपोई घालणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. माठ रोज धुवा, आतून घासा, झाकण ठेवा, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि पाणी पिण्याचं आहे याची खात्री करा. माठ सावलीत पण वारा लागेल अशा जागी ठेवा. चारी बाजूंनी बंद केलेला माठ गार होत नाही. गार करण्यासाठी वरून बर्फाचा तुकडा टाकू नका, कोरड्या हवेत त्याची गरज नाही आणि पाण्यात रोग शिरायची ती एक वाट असते. रसवंतीवर गेलात तर बर्फ कमी टाका म्हणायच्या आधी तो कुठून येतो, कोणत्या पाण्याचा आहे, हे मालकाला विचारा. स्वच्छ बर्फ वापरणाऱ्या मालकाला हा प्रश्न आवडतो. आणि चरकाशेजारच्या पेटीत निळसर बर्फ दिसला, तर रस तिथं घेऊ नका आणि अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करा.